पोर्ट्रेटला बसवण्यापूर्वी

आत्याच्या पंचाहत्तरीनिमित्त गिरगावातल्या तिच्या खोलीत मी दीड तास खपून १४० फोटो काढले. घरी येऊन ते लॅपटॉपवर उघडले, तेव्हा तिच्या कानातल्या कुडीचा मोती न् मोती मोजता येत होता आणि डोळे मात्र धुरकट होते. एखाद-दुसऱ्या फोटोत नव्हे, जवळजवळ सगळ्यांत. कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर ते सुबक दिसले होते, कारण एवढ्याशा पडद्यावर सगळेच फोटो सुबक दिसतात. पहिल्या फोटोनंतर तो मोठा करून डोळा पाहण्याचे दहा सेकंदांचे काम मी केले नव्हते. पुढची यादी त्या फजितीतून तयार झाली आहे, त्यामुळे ते एक काम तिच्यात पुन्हा पुन्हा येईल.

बॅटरी, कार्ड, लेन्स पुसण्याचे फडके यांविषयी सांगण्याची गरज नसावी. मुंबईपुरती एक गोष्ट मात्र सांगायला हवी. एसीच्या थंड खोलीत ठेवलेला कॅमेरा दमट हवेच्या खोलीत नेऊन लगेच उघडला, तर काचेवर बाष्प धरते. तो बॅगेतच अर्धा तास राहू द्यावा. ते बाष्प पुसण्याची घाई करू नये, कारण पुसले तरी ते पुन्हा धरते.

शक्य असेल तर आदल्या दिवशी, ज्या वेळी फोटो काढायचे त्याच वेळी, जागा पाहून यावी. उत्तरेच्या खिडकीत थेट ऊन येत नाही, हे पुस्तकी वाक्य थंड देशांतले आहे. मुंबई १९ अंश उत्तर अक्षांशावर असल्यामुळे मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत भर दुपारीही सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो आणि त्या दिवसांत सकाळ-संध्याकाळी उत्तरेच्या खिडकीतूनही उन्हाची तिरीप आत येते. ऊन येत असेल तर पातळ पांढरा पडदा किंवा धुतलेली चादर लावावी, म्हणजे ग्रिलच्या पट्ट्याही चेहऱ्यावर उमटत नाहीत. चाळीतल्या खोलीत गॅलरीकडच्या दाराजवळची जागा बहुधा सर्वांत चांगली ठरते, कारण गॅलरीच्या छपरामुळे वरून पडणारा उजेड अडतो आणि समोरून येणारा तेवढा आत पोचतो. पावसाळा असेल तर इमारतीवर निळी ताडपत्री चढली आहे का, तेही विचारून घ्यावे. तिच्यातून गाळून येणारा उजेड माणसाला आजारी दाखवतो. पिस्ता रंगाच्या भिंतीही असाच रंग गालावर टाकतात. फ्लॅश छताकडे वळवून वापरणार असाल, तर छताचा रंग आधी पाहावा.

माणूस खुर्चीवर बसण्यापूर्वी खोलीतले सगळे दिवे बंद करावेत. यावर घरातून हमखास विरोध होतो. “अंधारात काय फोटो काढतोस?” असे म्हणत कोणीतरी ट्यूबलाइट लावतेच, आणि ती नम्रपणे पुन्हा बंद करावी लागते. उजेडाचा पिवळे-निळेपणा केल्व्हिनमध्ये मोजतात; खिडकीचा उजेड साधारण ५५०० केल्व्हिनचा, पिवळा दिवा २७०० चा आणि पांढरा एलईडी बहुधा ६५०० चा असतो. तिन्ही एकाच चेहऱ्यावर पडले, तर कोणताही व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरे पांढरेच दिसावे म्हणून कॅमेऱ्यात केलेली रंगांची जुळणी, त्यांचा मेळ घालू शकत नाही. शिवाय छतावरच्या दिव्यामुळे डोळ्यांच्या खोबणीत सावली साचते, आणि वयस्कर चेहऱ्यावर ती फार क्रूर दिसते. दिव्यांवाचून गत्यंतरच नसेल, तर एकाच जातीचे दिवे ठेवावेत आणि शटर, म्हणजे उजेड आत येऊ देण्याचा वेळ, १/१०० किंवा १/५० सेकंदाला बांधावे. आपली वीज ५० हर्ट्झची असल्याने बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात आणि त्याहून वेगवान शटरमध्ये फोटोवर पट्टे येऊ शकतात.

खुर्ची खिडकीपासून तीन-चार फुटांवर, चेहरा खिडकीकडे अर्धवट वळलेला, आणि सावलीच्या बाजूला पांढरा कार्डशीट एवढी मांडणी पुरते. दोन्ही बुबुळांत खिडकीचा पांढरा ठिपका दिसतो की नाही ते पाहावे. दिसत नसेल तर हनुवटी किंचित उचलायला सांगावी. चष्म्यात खिडकी दिसत असेल, तर चष्म्याच्या काड्या कानांवर जराशा वर उचलाव्यात, म्हणजे काचा खाली झुकतात.

आता फोकस. माझा कॅमेरा फोकसची जागा स्वतः निवडण्यावर राहिला होता. त्याला चमकणारी, ठसठशीत कडांची वस्तू आवडते, आणि आत्याच्या चेहऱ्यावर तशी वस्तू कुडी होती. कान डोळ्याच्या चारेक बोटे मागे असतो, आणि ५० मिलिमीटरच्या लेन्सवर, क्रॉप (म्हणजे लहान) सेन्सरच्या कॅमेऱ्यात, एफ/१.८ ला (एफचा आकडा जितका लहान, तितके लेन्सचे छिद्र मोठे) एक मीटरवरून जेमतेम तीन सेंटिमीटरची जाडी स्पष्ट येते. त्यात कुडी बसली, डोळा राहिला. म्हणून कॅमेऱ्यात डोळा ओळखण्याची सोय असेल तर ती सुरू करावी. नसेल तर एकच बिंदू निवडून तो जवळच्या डोळ्यावर ठेवावा. मधल्या बिंदूने फोकस धरून मग कॅमेरा तिरका करण्याची जुनी सवय एवढ्या जवळून अंगलट येते. पार्श्वभूमी विरघळवण्याचा मोह आवरून एफ/४ वापरावे आणि मागे सरून दीड मीटरवर उभे राहावे. स्पष्ट जाडी तीनावरून चौदा सेंटिमीटरच्या आसपास जाते. चष्मा असेल तर फोकस फ्रेमवर अडकतो, याचीही आठवण ठेवावी.

हे सगळे केल्यावर एक फोटो काढावा, थांबावे, आणि तो मोठा करून डोळा पाहावा. पापणीचे केस सुटे दिसले पाहिजेत. बऱ्याच कॅमेऱ्यांत एका बटणावर फोकसच्या जागेचीच प्रतिमा मोठी होईल अशी सोय असते; ती घरीच लावून घ्यावी. माणूस हलला, खुर्ची सरकली, लेन्स बदलली, साडीचा पदर नीट करायला कोणी मध्ये आले, की पुन्हा डोळा मोठा करून पाहावा. समोरचा माणूस खोळंबला आहे म्हणून संकोच वाटतो आणि नेमके तेव्हाच आपण पाहायचे टाळतो. मीही त्याच संकोचापायी टाळले होते.

खिडकीच्या उजेडात शटर १/१२५ सेकंदापेक्षा संथ करू नये. त्यासाठी आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनक्षमता, १६०० किंवा ३२०० करावे लागले तरी बिचकू नये. त्याने फोटोत येणारे दाणे नंतर कमी करता येतात, हललेला डोळा नाही. पाठीमागची भिंत जितकी दूर तितके बरे. कॅलेंडर, स्विचबोर्ड, दोरीवरचे कपडे हटवावेत. कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर. पाणी, पंखा, मध्ये विश्रांती. फोटो रॉ फाइलमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ रूपात. उठण्यापूर्वी शेवटच्या पाच फोटोंतले डोळे मोठे करून पाहावेत. प्रत दोन ठिकाणी.

आत्या येत्या रविवारी पुन्हा बसायला तयार झाली आहे. कुड्या मात्र काढणार नाही, असे तिने फोनवरच बजावले आहे.