पुरात भिजलेली जुनी कागदपत्रं, पोथ्या आणि फोटो कसे वाचवावेत

पूर ओसरला की गाळ उपसताना कपाटातला ओला गठ्ठा हाती लागतो, आणि बहुतेक घरांत तो थेट उन्हात पसरला जातो. तसं करू नका. कडक उन्हात कागद वेडावाकडा आकसतो आणि गुळगुळीत पानं अशी चिकटतात की पुन्हा सुटत नाहीत. पण गठ्ठा तसाच ठेवला, तर आपल्या दमट हवेत साधारण ४८ तासांत बुरशी धरते. सांगलीच्या नगर वाचनालयाने २०१९ मध्ये, तर चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराने २००५ आणि २०२१ मध्ये पुराचा मार सोसला. अशा ग्रंथालयांना लागू पडणारे पुढचे नियम घरच्या जुन्या कागदपत्रांनाही लागू पडतात.

१. आधी स्वतःला सांभाळा. मेन स्विच बंद करा, हातमोजे आणि मास्क घाला. पुराच्या पाण्यात गटाराचं पाणी मिसळलेलं असतं. काहीही हलवण्यापूर्वी मोबाइलवर फोटो काढा. कुठला कागद कुठल्या रुमालातला (कागद बांधून ठेवायच्या फडक्यातला), हे नंतर आठवत नाही.

२. निवड करा. सगळं वाचणार नाही, हे मान्य करून टाका. सातबारा पुन्हा काढता येतो, नोंदणी झालेल्या खरेदीखताची नक्कल दुय्यम निबंधकांकडे मिळते, छापील पुस्तक बहुधा कुठेतरी सापडतं. मोडी कागद, हस्तलिखित पोथी, पणजीची पत्रं आणि लग्नाचे जुने फोटो मात्र दुसरीकडे कुठेच नसतात. हात आधी त्यांना लावा. (घरातले वडीलधारे विम्याच्या कागदांवर अडून बसतील. ते काम दुसऱ्या कुणाला तरी द्या.)

३. उचलताना आधार द्या. ओला कागद स्वतःचं वजनही पेलत नाही. खाली ताट किंवा प्लास्टिकचा ट्रे सरकवा आणि गठ्ठा सगळाच्या सगळा उचला. गाळाने माखलेलं छापील पुस्तक मिटलेलंच घट्ट धरून स्वच्छ पाण्यात बुडवा. घासू नका. हस्तलिखितं पाण्यात घालू नका. काजळीची जुनी शाई बऱ्यापैकी टिकते, पण फाउंटन पेनची शाई, रंगीत अक्षरं आणि रबरी शिक्क्यांची शाई पाण्याने पसरते.

४. सावलीत वाळवा. खिडक्या उघडा, पंखा लावा, पण त्याचा झोत कागदावर येऊ देऊ नका. सुटे कागद टिपकागदावर किंवा छापखान्यातून मिळणाऱ्या कोऱ्या न्यूजप्रिंटवर पसरा. छापील रंगीत वर्तमानपत्राचे डाग पडतात. पुस्तकात थोड्या-थोड्या पानांनंतर कोरा कागद घाला आणि तो ओला झाला की बदला. इतके कागद कोंबू नका की पुस्तकाची पाठच मोडेल. जवळजवळ वाळल्यावर पुस्तक मिटून हलक्या वजनाखाली ठेवा.

५. आवाक्याबाहेर असेल तर गोठवा. ऐकायला विचित्र वाटतं, पण हाच सर्वांत भरवशाचा उपाय आहे. जर्मनीतल्या वायमार इथल्या ॲना अमालिया ग्रंथालयाला २ सप्टेंबर २००४ रोजी आग लागली. आग विझवताना भिजलेली पुस्तकं गोठवून लाइपझिगला नेली आणि तिथे सवडीने वाळवली. गोठलेल्या कागदावर बुरशी वाढत नाही. पुस्तकं प्लास्टिकच्या पिशव्यांत स्वतंत्र गुंडाळून डीप फ्रीजरमध्ये ठेवा आणि एका वेळी थोडीच बाहेर काढून वाळवा. गावात वीज नसेल तर कोकणात मासळी गोठवणाऱ्या कारखान्यात विचारा. सांगली-तासगावकडच्या बेदाण्याच्या शीतगृहात कागद गोठणार नाही, पण बुरशीचा वेग तरी मंदावेल.

६. फोटोंचा नियम उलटा आहे. एकमेकांना चिकटलेले फोटो तसेच वाळू देऊ नका. स्वच्छ गार पाण्यात ठेवा, आपोआप सैल होतील तसे अलगद सोडवा आणि चेहऱ्याची बाजू वर करून सावलीत ठेवा. चित्राच्या पृष्ठभागाला बोट लावू नका. फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटो ओढू नका, काचेसकट ठेवून द्या. जुन्या काचेच्या निगेटिव्ह गोठवू नका.

७. बुरशी आलीच तर ओलं फडकं फिरवू नका, ती आणखी पसरते. कागद वेगळे करून पूर्ण वाळवा आणि मग मास्क लावून घराबाहेर मऊ ब्रशने झाडा. फिनेल, डेटॉल, ब्लीच यांतलं काहीही वापरू नका. मौल्यवान पोथी असेल तर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या संवर्धन केंद्राला विचारा.

सगळं वाळल्यावर कुणीतरी लॅमिनेशन सुचवेलच. ठाम नाही म्हणा, कारण एकदा चिकटवलेलं ते प्लास्टिक कागदाला इजा न करता काढता येत नाही. त्याऐवजी प्रत्येक कागद स्कॅन करा आणि त्याची एक प्रत दुसऱ्या गावातल्या नातलगाकडे ठेवा.