अरुंद डोंगरधारेवर जाताना या चुका टाळा

अरुंद धारेवर पुढे आणि मागे एवढ्या दोनच वाटा असतात. साध्या पायवाटेवर दमलात तर बाजूला टेकता येतं, चुकलात तर आडवं मारून पुन्हा वाटेला लागता येतं. धारेवर या दोन्ही सोयी नाहीत. त्यामुळे पाय घसरतो त्याच्या बराच आधी काहीतरी चुकलेलं असतं, आणि बहुतेक वेळा चूक एकच असते: परतीची वाट आपण हातची घालवलेली असते. धारेवरच्या प्रत्येक अवघड टप्प्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारायचा. इथून मला मागे फिरता येईल का? उत्तर ‘नाही’ असेल तर पुढचं पाऊल टाकायला फार चांगलं कारण हवं.

‘सोपी श्रेणी’ वाचून निघणं

वेल्समधली क्रिब गॉख ही ९२३ मीटर उंचीची धार. ब्रिटनमध्ये स्क्रॅम्बलिंगच्या, म्हणजे हातापायांनी कातळ चढत जाण्याच्या वाटांना १ ते ३ अशी श्रेणी देतात आणि क्रिब गॉख त्यात सर्वांत सोप्या, पहिल्या श्रेणीत मोडते. तरीही तिथे पडून माणसं दगावली आहेत. श्रेणी सांगते ती हालचाल किती अवघड आहे हे. पडलं तर काय होईल, हे ती सांगत नाही. जमिनीपासून हातभर उंचीवर जो कातळ तुम्ही सहज पार कराल, तोच तीनशे मीटर दरीच्या काठावर आला की हात घट्ट होतात, श्वास अडकतो आणि पाय चुकीच्या जागी पडतो. दृष्टिभय, म्हणजे खालची दरी दिसून वाटणारी भीती, हे मन कच्चं असल्याचं लक्षण नाही. ते सवयीने कमी होतं, त्यामुळे आधी छोट्या, कमी दरीच्या धारांवर जाणत्या माणसासोबत जाऊन यावं.

निघण्यापूर्वी नकाशावर आणखी एक गोष्ट बघायची: धार मधेच सोडून सुखरूप उतरता येईल अशा जागा कुठे आहेत. स्कॉटलंडच्या ग्लेन कोमधली ऑनाख एगाख प्रसिद्ध आहे ती यासाठीच, कारण मुख्य अरुंद भागात शिरल्यावर मधून उतरायला सुरक्षित वाट नाही. अशा धारेवर ‘बघू, जमलं नाही तर उतरू’ हा बेत चालत नाही. वेळेचा अंदाजही चालण्याच्या हिशेबाने धरू नका. स्कॉटलंडच्याच स्काय बेटावरची कुलिन धार सुमारे १२ किलोमीटरच आहे, पण अनेक जण ती दोन दिवसांत पार करतात.

चढलो म्हणजे उतरता येईलच, असं धरून चालणं

मला विचाराल तर सगळ्यांत महागात पडणारी चूक ही. चढताना पुढची खोबण डोळ्यांसमोर असते. उतरताना ती पायाखाली, पोटाच्या आड लपलेली असते. शिवाय चढताना जोशात आपण एखादा हात लांब टाकून शरीर वर ओढून घेतो. तीच हालचाल उलटी करायला गेलं की पाय कुठे टेकवायचा तेच सापडत नाही.

म्हणून कातळटप्पा चढायला घेतला की दोन-तीन हालचालींनंतर थांबून एक पाऊल परत उतरून बघा. जमलं तर पुढे जा. उतरताना उतार फारसा नसेल तर दरीकडे तोंड करून उतरा, तिरका असेल तर एका कुशीवर, आणि उभा असेल तर सरळ कातळाकडे वळा. कातळाकडे तोंड असताना भीतीपोटी माणूस कातळाला चिकटतो, आणि तिथेच घोळ होतो, कारण पाय दिसेनासे होतात आणि बुटावरचा भारही निसटतो. कंबर थोडी बाहेर काढा, दोन बुटांच्या मधून खाली बघा, खोबण नक्की करा, मग पाय सोडा. दोन हात आणि दोन पाय या चारांपैकी तीन कायम पक्के, हलवायचा तो एकच. वजन पायांवर ठेवा. हातांनी लटकत राहिलात तर ते लवकर भरून येतात.

धार सोडून पोटाला उतरणं

धारेचा माथा भीतिदायक दिसतो आणि बाजूचा उतार सौम्य वाटतो. पाच-दहा मीटर खाली उतरून आडवं मारावं, असा मोह होतो. काही धारांवर तशी मळलेली वाट खरंच असते. नसेल तर मात्र खाली घसारा आणि त्याखाली कडा, अशी रचना वारंवार भेटते. माथ्यावरचे सुटे दगड वारा-पाण्याने आणि माणसांच्या पायांनी खाली गेलेले असतात, म्हणून माथ्याचा कातळ बरेचदा बाजूपेक्षा पक्का असतो.

अमेरिकेतल्या कोलोरॅडोमधलं कॅपिटल पीक ४,३०० मीटरपेक्षा उंच आहे. त्यावरची सुरीच्या पात्यासारखी धार जगभर प्रसिद्ध आहे. २०१७ मध्ये या एका डोंगरावर पाच जणांचा जीव गेला. त्यांतले काही उतरताना धारेची नेहमीची वाट सोडून खालच्या तळ्याकडे जाणारी जवळची वाट समजून घळीत शिरले होते. वरून ती घळ थेट तळ्यापर्यंत गेल्यासारखी वाटते. मधला कडा वरून दिसत नाही. शेवट दिसत नसलेल्या नाळेत किंवा घळीत ‘असेल वाट’ म्हणून उतरू नका. आलेली धार कितीही नकोशी वाटली तरी तिचं रूप तुम्हाला माहीत आहे.

वाट हरवली असं वाटलं तर खुणा शोधत पुढे सरकू नका. शेवटची खात्रीची जागा, म्हणजे बुटांनी गुळगुळीत झालेला कातळ किंवा दगडांची रास, तिथपर्यंत मागे या. होकायंत्रावरही डोळे मिटून विसंबू नका. कुलिनवरच्या चुंबकीय खडकांमुळे सुई भलतीकडे वळते.

दगडाची परीक्षा न घेणं

मोठा दगड म्हणजे पक्का दगड नव्हे. धरण्याआधी त्याच्या बुडाशी नजर टाका. चहूबाजूंनी भेग गेली असेल तर तो नुसता ठेवलेला आहे. बोटांच्या पेरांनी ठोकून बघा, पोकळ आवाज आला तर सोडून द्या. सुट्या दगडांच्या भागात आधार घ्यावाच लागला तर खालच्या दिशेने दाबून घ्या, स्वतःकडे ओढू नका. दगड सुटलाच तर त्याच क्षणी ‘दगड!’ म्हणून ओरडा. एकामागोमाग सरळ रेषेत चढू नका, आणि हेल्मेट सॅकला लटकवून नेऊ नका.

सॅकच्या बाहेर काही लोंबू देऊ नका. कातळाला घासून जाताना मॅटची गुंडाळी किंवा काठीचं टोक अडकलं, की एवढा धक्का तोल जायला पुरतो. काठ्या आत ठेवा, पट्टे आवळा.

वारा, पाणी, वीज

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो. ताशी ४० किलोमीटरला चालता येतं म्हणून ८० ला थोडा जास्त त्रास होईल, असं नसतं. झोत आला की खाली बसा, ओसरला की हला. सगळे झोतच असतील तर परत फिरा.

ओल्या कातळाचं वागणं जातीवर अवलंबून असतं. कुलिनवरचा गॅब्रो नावाचा खरबरीत खडक ओला असूनही बुटाला धरतो, त्याच धारेतला बेसाल्टचा पट्टा दगा देतो. शेवाळलेला असेल तर कुठलाच धरत नाही.

वीज चमकल्यापासून ३० सेकंदांच्या आत गडगडाट आला तर वादळ सुमारे दहा किलोमीटरच्या आत आहे. अशा वेळी लगेच माथा सोडायला हवा. केस उभे राहिले किंवा धातूचं सामान गुणगुणू लागलं तर क्षणभरही थांबू नका.

नुसता दोर बांधणं

सगळ्यांनी एकमेकांना दोर बांधला आणि कुणीही कुठे अडकवला नाही, तर एकाची चूक सगळ्यांची होते. १४ जुलै १८६५ रोजी आल्प्समधल्या मॅटरहॉर्न शिखराची पहिली चढाई करून सात जण उतरत होते. एक जण घसरला, त्याच्याबरोबर आणखी तिघे ओढले गेले, मधे दोर तुटला म्हणून मागचे तिघे वाचले. बिले देता (म्हणजे सोबत्याचा दोर सांभाळून त्याचं पडणं रोखता) येत नसेल, दगडाला किंवा खुंटीला दोर अडकवता येत नसेल, तर तो जोडून घेऊ नका. जाणता नेता हवा.

सोबती जागच्या जागी थिजला तर

पाय लटलट कापतात, हात सुटत नाहीत, बोलणं तुटतं. अशा वेळी ‘काही नाही रे, ये’ असं ओरडल्याने तो आणखी गोठतो. एकानेच, हळू आवाजात बोलावं. त्याला टाच खाली सोडून पाय सैल करायला सांगा, कापणं कमी होतं. जमेल तिथे धारेच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून बसवा. मग फक्त पुढचंच पाऊल सांगा: ‘उजवा पाय, एक वीत खाली, तिथे खाच आहे.’ मार्गदर्शन करणाऱ्याने त्याच्या थेट खाली न थांबता थोडं बाजूला राहावं.

खरंच अडकलात तर सुटकेसाठी उडी किंवा घसरणं पत्करू नका. असाल तिथे स्वतःला स्थिर करा, गरम कपडे अंगावर चढवा आणि मदत मागा. फोन लागत नसेल तर शिट्टी किंवा टॉर्चने मिनिटात सहा इशारे द्या, मग एक मिनिट थांबा, पुन्हा सहा. उत्तर मिनिटात तीन इशाऱ्यांनी येतं. ते आल्यावरही इशारे चालू ठेवा, कारण शोधपथकाला तुमची नेमकी जागा त्यांवरूनच कळते.