नवा रेणू आखताना आधी जंतू बघा

एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला जंतू मारणारा नवा रेणू बनवायची वेळ आली की पोट्टे विचारतात, "मॅडम, शिफ बेस करू का?" करायला सोपा आहे, मान्य. अल्डिहाइड आणि अमाइन इथेनॉलमध्ये रिफ्लक्स केलं, म्हणजे वाफ गार करून परत आणत उकळलं, गार करून गाळलं की झालं. पण यातले बरेच पाण्यात तुटतात. मग प्लेटवर दिसलेला झोन, म्हणजे जंतू न वाढलेलं वर्तुळ, तुमच्या रेणूचा की सुटलेल्या अल्डिहाइडचा, कसं सांगणार?

म्हणून आधी जंतू ठरवा आणि तो जुन्या औषधाला कसा हरवतो ते वहीत लिहा. आपल्याकडे वेचणीच्या दिवसांत पायात पऱ्हाटीचं धसकट शिरून जखम चिघळते. सेफ्ट्रायाक्झोन या अँटिबायोटिकची सुई लागू पडली नाही की बाईला यवतमाळला न्या, तिथून नागपूरला. हे मनात ठेवूनच विषय निवडा.

समजा क्लेब्सिएला हा जंतू घेतला. त्याच्या काही जाती बीटा-लॅक्टमेझ नावाचं एन्झाइम बनवून सेफ्ट्रायाक्झोनसारख्या औषधाचं चार अणूंचं कडं फोडतात. अविबॅक्टम हे औषध या एन्झाइमलाच अडवतं, आणि त्यात ते कडं नाहीच. लिनेझोलिड हे दुसरं अँटिबायोटिक पूर्णपणे कृत्रिम, अमेरिकेत 2000 साली मान्यता मिळालेलं, पण क्लेब्सिएलापुढे निरुपयोगी. जंतूचं बाहेरचं आवरण त्याला अडवतं, आत शिरलेलं औषध जंतूचे पंप बाहेर फेकतात.

खरी मेहनत रेणू आत पोचवण्यातच आहे. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाच्या हर्गेनरोदर गटानं 2017 मध्ये दाखवलं की तसंच आवरण असलेल्या ई. कोलाय जंतूच्या आत साठणाऱ्या रेणूंत बहुधा मोकळा प्राथमिक अमाइन असतो, आकार चपटा असतो आणि फिरणारे बंध पाचाच्या वर नसतात. तेव्हा प्रोटीन डेटा बँक या संकेतस्थळावरून लक्ष्य प्रोटीनची रचना फुकट उघडा, तुमच्या रेणूच्या सांगाड्याची कोणती बाजू लक्ष्याला चिकटत नाही ते शोधा आणि अमाइन तिथेच जोडा. डॉकिंगचा, म्हणजे रेणू लक्ष्यात किती बसतो याचा संगणकी अंदाजाचा आकडा चांगला आला म्हणून पेढे वाटू नका, तो पुरावा नव्हे.

झोनवर थांबायचं नाही, एमआयसी, म्हणजे जंतूची वाढ थांबवणारी कमीत कमी मात्रा, काढा. म्युलर-हिंटन ब्रॉथ हे जंतू वाढवायचं द्रावण, 96 खणांची प्लेट, पुढच्या प्रत्येक खणात मात्रा निम्मी, मिलिलिटरला सुमारे 5 लाख जंतू, 35 अंशांवर 16 ते 20 तास. रेणू ज्यात विरघळवला त्या नुसत्या डीएमएसओचा आणि ओळखीच्या औषधाचा खण हवाच. रात्री लाइन जाते, इन्क्युबेटर इन्व्हर्टरवर लावा. तापमान पडलं तर ती प्लेट मोजू नका.

औषधाला न जुमानणारे जंतू मात्र आपल्या लॅबमध्ये वाढवायचे नाहीत. रेणू शुद्ध करा, रचनेचा पुरावा म्हणून एनएमआर जोडा आणि मेडिकल कॉलेजच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागाला चाचणीसाठी विनंती करा. सोबत त्यानं रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात का, तेही तपासून घ्या. त्या फुटत असतील तर एमआयसी कितीही छान येवो, तो रेणू बाजूला ठेवा.