पोवळे की काच: मण्याच्या वेजातून ओळखण्याची रीत

पोवळ्याचा मणी खरा आहे की काचेचा, हे विचारायला आलेला माणूस मणी माझ्या तळहातावर ठेवतो आणि पहिला प्रश्न रंगाचा करतो. रंग गडद असेल तर खरा का, फिका पडला तर खोटा का, एवढेच त्याला जाणून घ्यायचे असते. दागिने गुंफण्याचे, म्हणजे पटवेकऱ्याचे काम आमच्या घरात तीन पिढ्या चालत आले आहे, आणि यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा तालुक्याच्या खेड्यापाड्यांतून आलेल्या गरसोळ्या, म्हणजे काळ्या मण्यांची गळ्यातली, पोती आणि माळा मी रोज उसवतो आणि पुन्हा ओवतो. या कामाने मला शिकवलेली पहिली गोष्ट अशी, की लाल रंग काचेला हवा तसा देता येतो. म्हणून मण्याचा रंग शेवटी पाहावा आणि त्याचे वेज आधी पाहावे. वेज म्हणजे दोरा जाण्यासाठी मण्याला पाडलेले आरपार भोक. मणी बनवणारा बाहेरची बाजू घासूनपुसून चकचकीत करतो, परंतु वेजाच्या आत सहसा कोणी पॉलिश करीत नाही, आणि मणी कशाचा आहे हे तेथेच उघडे पडते.

मागच्या दिवाळीनंतर कापसाचा चुकारा हाती आला, तेव्हा शेजारच्या गावातील एक काकू आईची गरसोळी नव्याने ओवून घ्यायला आल्या. काळ्या मण्यांत अकरा लाल मणी होते. मी दोरा कापून ते अकरा मणी पांढऱ्या बशीत घेतले आणि खिडकीजवळ, उन्हाच्या थेट झोताबाहेर, परंतु भरपूर उजेडात ठेवले. दिव्याच्या पिवळ्या प्रकाशात लाल रंग फसवा दिसतो, म्हणून ही पाहणी दिवसाच करावी. सोनार वापरतात ते दहा पट मोठे दाखवणारे भिंग पुरेसे होते; ते महाग नसते आणि ज्या घरात जुने दागिने आहेत त्या घरात ते असावे, असे माझे मत आहे. भिंग डोळ्याला अगदी लावून धरावे आणि मणी हळूहळू भिंगाजवळ आणावा. भिंग मण्यावर धरून डोळा दूर ठेवला तर काहीच नीट दिसत नाही.

बशीतील सात मण्यांच्या वेजाचे तोंड गोलसर, जणू वितळून बसलेले होते, आणि आतल्या भिंतीला पांढुरक्या मातीचा पातळ थर चिकटलेला होता. हाताने घडवलेला काचेचा मणी तापलेली काच सळईभोवती गुंडाळून तयार होतो, आणि काच सळईला चिकटून बसू नये म्हणून सळईला आधी मातीसारखा लेप दिलेला असतो. त्याच लेपाचा अंश वेजात राहतो. याच मण्यांवर भिंगातून वेजाभोवती वळसे घेत गेलेल्या बारीक रेघा दिसल्या आणि दोन मण्यांत टाचणीच्या टोकाएवढे हवेचे बुडबुडे होते. बुडबुडा दिसला की पुढची परीक्षा करण्याची गरज राहत नाही, कारण समुद्राच्या तळाशी सजीवाने थरावर थर रचून केलेल्या वस्तूत तसा गोल बुडबुडा अडकत नाही. साच्यात दाबून केलेल्या काचेच्या मण्याला बुडबुडे कमी असतात, परंतु त्याच्या पोटावरून साच्याच्या दोन अर्ध्या भागांच्या जोडाची बारीक कड फिरलेली असते; मणी बोटांत फिरवताना ती नखाला लागते.

उरलेल्या चार मण्यांचे वेज निराळे होते. त्यांच्या तोंडाशी दोऱ्याने वर्षानुवर्षे घासून उथळ खाच पाडली होती, आणि आतमध्ये दोन्ही बाजूंनी पाडलेली भोके मध्यावर किंचित चुकून भेटली होती. पृष्ठभागावर भिंगातून पाहिले तेव्हा एकमेकींना समांतर जाणाऱ्या अतिशय बारीक रेषा दिसल्या. पोवळ्याच्या फांदीवर लांबीच्या दिशेने अशा रेषा असतात, आणि फांदी आडवी कापली तर झाडाच्या खोडासारखी वर्तुळे दिसतात. मणी फांदीच्या कोणत्या बाजूने कापला आहे त्यावर रेषा बाजूला दिसतील की टोकाशी, हे अवलंबून असते, म्हणून मणी सर्व बाजूंनी फिरवून पाहिल्याशिवाय निर्णय देऊ नये. या रेषा काचेत उतरवणे फार अवघड आहे, आणि माझा सर्वांत मोठा भरवसा त्यांच्यावरच आहे.

काकूंना मी भिंग दिले आणि दोन्ही प्रकारचे मणी दाखवले. त्या बराच वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "माह्या मायनं देलेलं हाय हे भाऊ, यात खोटं कसं असन?" मी त्यांना सांगितले, "काकू, मायनं खोटं देलं नाही. कधी तरी माळ तुटली असन, मणी हरवले असन, अन् ओवणाऱ्यानं जे मिळालं ते घातलं असन." जुन्या माळांत खरे आणि खोटे मणी एकत्र सापडणे हे नेहमीचे आहे, म्हणूनच एक मणी तपासून संपूर्ण माळेचा निकाल लावू नये.

पोवळे म्हणजे, ज्याला आमच्या बाजारात अनेकदा मूंगा म्हणतात, ते समुद्रातील बारीक जीवांनी कॅल्शियम कार्बोनेटचा बनवलेला सांगाडा आहे. दागिन्यांतील उत्तम लाल पोवळे मुख्यतः भूमध्य समुद्रातून येते, आणि आपल्याकडे ते दोन हजार वर्षांपासून समुद्रमार्गे येत आले आहे. इटलीत नेपल्सजवळचे तोरे देल ग्रेको हे गाव आजही पोवळ्याच्या कामासाठी प्रसिद्ध आहे. त्या लाल पोवळ्याची फांदी वर्षाला अर्धा मिलिमीटरसुद्धा जाड होत नाही. म्हणजे 8 मिलिमीटरचा एक मणी निघेल एवढी फांदी तयार व्हायला वीस वर्षांहून अधिक काळ लागतो, आणि मोठ्या, एकसारख्या, डाग नसलेल्या मण्यांची संपूर्ण माळ कोणी किरकोळ पैशांत देत असेल तर भिंग लावण्यापूर्वीच शंका घ्यायला हरकत नाही. खऱ्या पोवळ्याच्या माळेत रंगाच्या छटा थोड्या मागेपुढे होतात, एखाद्या मण्यावर सुईच्या टोकाएवढा खड्डा असतो, क्वचित पांढुरका ठिपका असतो.

डोळ्यांनी समाधान झाले नाही तर सुईची परीक्षा करावी, आणि तीही वेजाच्या आतच करावी, म्हणजे मण्याच्या दर्शनी भागाला ओरखडा येत नाही. शिवणाची जाड सुई वेजाच्या काठाशी हलकेच घासावी. पोवळ्याचा कठीणपणा मोज मापावर, म्हणजे खनिजांचा कठीणपणा 1 ते 10 असा सांगणाऱ्या मापावर, 3 ते 4 एवढाच असतो, त्यामुळे सुईखाली त्याची पांढरट भुकटी निघते, वरचा रंग कितीही लाल असला तरीही. काचेचा कठीणपणा साधारण 5 ते 6 असतो. सुई तिच्यावरून घसरते आणि भुकटी निघत नाही. प्लास्टिक असेल तर भुकटीऐवजी बारीक सालटे वळून येते. मण्याचा कोठे टवका उडालेला असेल तर तोही पाहावा: काचेचा टवका शिंपल्यासारखा वळणदार आणि आतून चमकदार असतो, तर पोवळ्याचा तुटलेला भाग मंद आणि ओबडधोबड असतो.

लिंबाच्या रसाची परीक्षा बहुतेकांना माहीत असते आणि ती चुकीच्या रीतीने केली जाते. मी शिकाऊ असताना एका गिऱ्हाइकाच्या जुन्या पोवळ्यावर थेट लिंबू पिळले. मणी खरा निघाला. परंतु आम्लाने त्याची झिलई खाल्ली, एका बाजूला पांढुरका ओरखडल्यासारखा डाग राहिला आणि तो कधीच गेला नाही. त्या बाई काही बोलल्या नाहीत, पण आजही मला त्याचे वाईट वाटते. म्हणून रस मण्यावर कधीही घालू नये. सुईने निघालेली भुकटी काचेच्या तुकड्यावर घ्यावी, तिच्यावर एक थेंब टाकावा आणि भिंगातून पाहावे. बारीक फेस उठला तर ती भुकटी चुनखडीच्या जातीची आहे आणि मणी काचेचा नाही, एवढे निश्चित होते. मात्र शिंपला आणि संगमरवर यांची भुकटीही असाच फेस देते, तेव्हा फेस आला म्हणजे पोवळेच, असे समजू नये.

याच ठिकाणी आणखी एका वस्तूचे भान ठेवावे लागते. पांढरे, स्वस्त जातीचे पोवळे लाल रंगवून विकले जाते, आणि ते सुई व लिंबू या दोन्ही परीक्षांत खऱ्यासारखे वागते. त्यासाठी नखांचा रंग काढण्याचे अॅसिटोनयुक्त द्रावण कापसाच्या बारीक वातीवर घेऊन वेजाच्या आतून फिरवावे. कापूस गुलाबी झाला तर रंग दिलेला आहे. भिंगातही असा रंग भेगांत आणि वेजाच्या तोंडाशी साचून गडद झालेला दिसतो. दुधात मणी ठेवला असता दूध गुलाबी झाले तर पोवळे खरे, ही समजूत आमच्या भागात पुष्कळ घरांत आहे, आणि ती अगदी उलटी आहे: दुधात रंग उतरला तर तो वरून दिलेला रंग आहे.

मणी हाताला गार लागतो का, यावर अवलंबून राहू नये. काच आणि पोवळे दोन्ही गार लागतात, त्यातून फक्त प्लास्टिक वेगळे काढता येते. वजनाचेही तसेच आहे. पोवळे पाण्याच्या सुमारे 2.6 ते 2.7 पट जड असते आणि साधी काच सुमारे 2.5 पट, तेव्हा लहान मण्यात हा फरक हाताला कळणे शक्य नाही. ज्योतीवर धरून पाहण्याचा तर विचारही करू नये, उष्णतेने खरे पोवळे कायमचे खराब होते.

मंगळाच्या अंगठीतील खड्याला वेज नसते, त्यामुळे तेथे पाहणी अवघड होते. ते पोवळे घालावे की नाही हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा भाग आहे, परंतु ज्याचे पैसे मोजले ते हातात पडलेच पाहिजे. म्हणून अंगठी घडवण्यापूर्वी खडा सुटा पाहावा, त्याची मागची बाजू भिंगाखाली धरावी, कारण ती बहुधा कमी घासलेली असते आणि समांतर रेषा तेथे स्पष्ट दिसतात. आणि कोंदण मागून खुले ठेवायला सांगावे. खडा मोठा आणि किमती असेल तर रत्नपरीक्षा प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र घ्यावे आणि त्यात पोवळे नैसर्गिक आहे एवढेच वाचून न थांबता, त्याला रंग दिला आहे काय याविषयीचा शेराही वाचावा.

खरेदीच्या वेळी होणारी एक मोठी गफलत सांगणे आवश्यक आहे. दागिन्यावरील हॉलमार्क आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक, म्हणजे प्रत्येक दागिन्याला दिलेला स्वतंत्र ओळखक्रमांक, फक्त सोन्याच्या शुद्धतेविषयी सांगतो. त्यात ओवलेल्या लाल मण्यांविषयी तो काहीही सांगत नाही. गरसोळी विकत घेताना मण्यांचे वजन वेगळे काढून मगच सोन्याचा भाव लावायला सांगावे, आणि पावतीवर "नैसर्गिक पोवळे, रंग न दिलेले" असे शब्द लिहून घ्यावेत. ज्याचा माल खरा आहे तो हे लिहून द्यायला कुरकुरत नाही. यात्रेत आणि आठवडी बाजारात काचेचे मणी काचेचे म्हणूनच विकणारे पुष्कळ प्रामाणिक लोक आहेत, आणि हौसेने काच घालण्यात काही कमीपणा नाही; तक्रार आहे ती काच पोवळ्याच्या भावाने विकण्याची.

काकूंनी सातही काचेचे मणी माळेतून काढू दिले नाहीत, आईच्या गळ्यात ते होते म्हणून. काच पोवळ्यापेक्षा कठीण असल्यामुळे दोन्ही लागून ओवले तर काचेचा मणी पोवळ्याला घासून झिजवतो, म्हणून मी चारही पोवळी मध्यभागी एकत्र घेतली, त्यांच्या दोन्ही बाजूंना सोन्याचा एकेक मणी घातला, काचेचे मणी त्यापलीकडे ठेवले आणि प्रत्येक पोवळ्यानंतर रेशमाची गाठ दिली.