एका नाण्यात ‘ग्रेडियस’: कलेक्शन घेतल्यावर सुरुवात कशी करावी

आमच्या घरी टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम होता, कॅसेटमध्ये कॉन्ट्रा होता आणि पहिला रिमोट कायम दादाकडे असायचा. वर, वर, खाली, खाली, डावं, उजवं, डावं, उजवं, बी, ए. तीस लाइफ देणारा हा कोड आम्हाला पाढ्यांसारखा पाठ होता. तो मुळात कॉन्ट्राचा नव्हताच, हे मला फार उशिरा कळलं. कोनामी या जपानी गेम कंपनीच्या काझुहिसा हाशिमोतो यांनी तो १९८६ साली ‘ग्रेडियस’ या विमान चालवत शत्रूंवर गोळ्या झाडायच्या खेळाच्या घरगुती आवृत्तीत घातला, कारण खेळ तपासताना तो त्यांना स्वतःलाच पार करता येईना. ते वाचल्यावर मला मूळ ग्रेडियस खेळून बघावासाच वाटला.

आता तो सहज मिळतो. ऑगस्ट २०२५ मध्ये ‘ग्रेडियस ओरिजिन्स’ नावाचं कलेक्शन आलं. जुने आर्केड खेळ, म्हणजे नाणं टाकून मशीनवर खेळायचे खेळ, घरच्या कन्सोलवर निगुतीने आणण्यात मुरलेल्या एम-टू या जपानी कंपनीने ते केलंय. ग्रेडियसचे पहिले तीन भाग, सॅलमँडर, लाइफ फोर्स, सॅलमँडर टू आणि अगदी नवा सॅलमँडर थ्री असे सात खेळ त्यात आहेत. वेगवेगळ्या आवृत्त्या धरल्या तर अठरा. एवढं ताट समोर आलं की प्रत्येकातलं थोडं थोडं चाखावंसं वाटतं. मी तसंच केलं आणि आठवड्याभरात कंटाळले. म्हणून माझं सांगणं असं, की पहिला महिना फक्त १९८५ चा पहिला ग्रेडियस खेळा आणि तो एका नाण्यात, म्हणजे लाइफ संपल्यावर कंटिन्यू करून पुढे न खेळता, जिथवर नेता येईल तिथवर न्या.

आधी टीव्हीची सोय लावा. टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘गेम मोड’ असतो, तो चालू करा. तो बंद असला तर बटण दाबल्यावर विमान किंचित उशिरा हलतं, आणि ज्या खेळात बोटभर फटीतून जायचंय तिथे तेवढा उशीर जीव घेतो. चित्र ताणून पूर्ण पडदा भरू नका. हे खेळ जुन्या, जवळजवळ चौकोनी पडद्यासाठी काढलेले आहेत. बाजूला काळ्या पट्ट्या राहिल्या तरी चालतील. विमान हलवायला अ‍ॅनालॉग स्टिकपेक्षा चार दिशांची बटणं वापरा. आणि पॉवर-अपचं बटण गोळीच्या बटणाला चिकटून ठेवू नका. का, ते पुढे येतंच.

लाल शत्रू मारला किंवा ओळीने येणारी पूर्ण तुकडी पाडली की कॅप्सूल मिळते. ती उचलली की खालच्या पट्टीवरचा दिवा एक घर पुढे सरकतो: स्पीड अप, मिसाइल, डबल, लेझर, ऑप्शन आणि शेवटी प्रश्नचिन्ह, म्हणजे ढाल. हव्या त्या घरावर दिवा आला की पॉवर-अप दाबायचं, मग मोजणी पुन्हा पहिल्यापासून. चार कॅप्सूल साठवून लेझर घ्यायला निघायचं आणि तिसरीलाच घाईत अंगठा घसरून डबल घ्यायचं, हे माझ्याकडून इतक्यांदा झालं की शेवटी मी ते बटण खांद्यावर, एल-वनवर नेलं.

माझा क्रम सांगते. पहिली कॅप्सूल स्पीडला. नंतरच्या दोन मिसाइलला, कारण जमिनीवरच्या तोफा तीच साफ करते. मग पाच साठवून पहिला ऑप्शन, त्यानंतर लेझर. मग दुसरा ऑप्शन आणि वेगाची आणखी एक पायरी. वेग दोन, फार तर तीन पायऱ्या पुरे. वाढलेला वेग कमी करता येत नाही, आणि अरुंद बोगद्यात भरधाव विमान भिंतीवरच जातं. डबल मी घेत नाही. त्याची दुसरी गोळी तिरकी वर जाते, पण लेझरवर पाणी सोडावं लागतं. ढालीवर फार विसंबू नका. ती फक्त पुढून वाचवते.

ऑप्शन म्हणजे मागे येणारे ते तेजस्वी गोळे. ते विमानाच्या वाटेवरूनच चालतात आणि विमान थांबलं की जागच्या जागी थांबतात. म्हणून खालून सरळ वर जाऊन थांबलात तर ते उभ्या रांगेत राहतात आणि अर्धा पडदा तुमच्या माऱ्याखाली येतो. तिसऱ्या स्टेजला, मोआईच्या दगडी मुंडक्यांशी गाठ पडते तिथे, हे जमायलाच हवं. मोआई फक्त उघड्या तोंडात मार लागला तरच फुटतो, आणि तोंड उघडतो तेव्हाच कडी सोडतो. ऑप्शन त्याच्या तोंडासमोर ठेवायचे आणि स्वतः बाजूला राहायचं. एक रविवार मी फक्त हेच केलं, दुपारचं जेवण चार वाजता झालं.

आता खरं दुखणं. ग्रेडियसमध्ये मेलात की सगळी हत्यारं जातात आणि मागच्या ठरलेल्या जागेवरून रिकाम्या, संथ विमानाने पुन्हा सुरुवात होते. बहुतेक लोक इथेच रिमोट ठेवतात. लाइफ शिल्लक असतात, पण मन उरत नाही. मीही कितीतरी दिवस पहिली लाइफ गेली की खेळ पहिल्यापासून लावायचे. पुढे लक्षात आलं, की पूर्ण सजलेल्या विमानाने खेळणं मला येत होतं. मेल्यानंतरचा खेळ मी कधी शिकलेच नव्हते.

तो असा शिकायचा. मेल्यावर विमान मागच्या जागेवर उभं राहताच क्विक सेव्ह करा, म्हणजे पुन्हा त्याच क्षणापासून खेळता येईल. पुढचं अर्धं मिनिटच पुन्हा पुन्हा खेळा. पहिला लाल शत्रू कुठून येतो, कोणती तुकडी पूर्ण पाडता येते, हे कागदावर लिहा. माझ्या वहीत प्रत्येक ठिकाणासाठी दोन-तीन ओळी आहेत: ‘वरून चार, पाठोपाठ लाल, स्पीड घे, खाली बस.’ गोळीचंही एक आहे. पडद्यावर एका वेळी तुमच्या मोजक्याच गोळ्या असू शकतात, त्यामुळे शत्रूच्या जवळ गेलात की गोळी लवकर लागते आणि पुढची लवकर सुटते. विमान रिकामं असताना भिऊन मागे राहणाऱ्यापेक्षा पुढे सरसावणारा जास्त टिकतो. शिवाय हत्यारं वाढली की खेळही कडक होतो, शत्रू जास्त गोळ्या सोडतात. म्हणजे रिकाम्या विमानासमोरचा खेळ दिसतो तितका निर्दय नसतो.

खेळ थोडा मागे नेणारं रिवाइंडचं बटण आहे, ते सरावापुरतं वापरा. चूक कुठे झाली हे पाहायला ते फार चांगलं आहे. पण खरा डाव मांडलात की त्याला हात लावू नका, नाहीतर पहिल्या स्टेजचा ज्वालामुखी संपल्यावर पुढे बिग कोअर हा शेवटचा मोठा शत्रू येतो तेव्हा छातीत जे धडधडतं ते हरवून जाईल. त्याचे चार लेझर सुटतात, मधली पोकळी धरून आत शिरायचं आणि गाभ्यावर मारत राहायचं. पहिल्यांदा तो फुटला तेव्हा माझे हात थरथरत होते.

एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. मूळ आर्केड मशीनमध्ये खेळ साठवायला बबल मेमरी नावाची जुनी मेमरी होती आणि ती गरम झाल्याशिवाय खेळ सुरू होत नसे. तोवर पडद्यावर आकडे उतरत जायचे आणि एक शांत धून वाजायची. तिला मॉर्निंग म्युझिक म्हणतात. बसण्याआधी ती शोधून एकदा ऐका. पहिल्या स्टेजचं मिकी हिगाशिनो यांचं संगीत तिच्यानंतर सुरू झालं की अंगावर काटा येतो.

महिन्यानंतर ग्रेडियस टू घ्या. त्यात हत्यारांचे चार संच आहेत, पहिल्यापेक्षा मोकळा आणि देखणा खेळ आहे. थ्री मात्र शेवटी ठेवा. जपानी आर्केडमध्ये त्याला कंटिन्यूच नव्हतं आणि तो फार कठोर आहे.

घरात दुसरं माणूस असेल तर सॅलमँडर लावा. दोघांना एकाच वेळी खेळता येतं, एक स्टेज आडवी तर पुढची उभी, आणि मेलं तरी मागे जावं लागत नाही, विमान तिथेच परत येतं. मेलेल्याचे ऑप्शन मात्र काही क्षण पडद्यावर तरंगत राहतात आणि दोघांपैकी कुणीही ते उचलू शकतं. ते कुणी घ्यायचे हे आधी बोलून ठेवा. दिवाळीत दादा आला होता, दुसरा रिमोट मी त्याच्या हातात दिला. तिसऱ्या स्टेजला तो पडला, मी त्याचे दोन्ही ऑप्शन उचलले आणि तो परत आला तेव्हा त्याला पुढचं पॉवर-अप सोडलं.