सालीवरून झाड ओळखायचं तर रंग शेवटी बघा

पानगळीच्या जंगलात उन्हाळा लागला की निम्म्या झाडांवर पान नसतं, आणि ज्यांच्यावर असतं ते हाताला येत नाही. समोर राहते ती साल. "राखाडी सालीचं झाड आहे, कोणतं असेल?" असं कोणी विचारलं की माझा उलट प्रश्न ठरलेला: साल फाटलीय कशी? राखाडी काय, बरीचशी असतात. तीच साल पावसात भिजली की काळी दिसते, सावलीच्या अंगाला शेवाळ धरलं की हिरवी, दगडफूल चढलं की पांढुरकी.

खोड आतून जाड होत जातं, पण बाहेरची मेलेली साल काही वाढत नाही. मग ती तडकते, नाहीतर सुटून पडते. ही रीत बऱ्याच जातींची आपापली असते, म्हणून ओळखीला उपयोगी.

ऐन आणि अर्जुन शेजारी ठेवून बघा. दोघं एकाच टर्मिनॅलिया कुळीतले, फळही दोघांचं पाच पंखांचं, त्यामुळे खाली पडलेल्या फळावरून नवखा माणूस हमखास गोंधळतो. सालीवरून मात्र लांबूनच निकाल लागतो. ऐनाची साल काळपट, जाड. तिला उभ्या-आडव्या खोल भेगा पडून चौकोनी ढलप्या तयार होतात, थेट मगरीची पाठ. अर्जुनाची साल गुळगुळीत, फिकट, आणि तिचे मोठमोठे पातळ तुकडे सुटून पडतात. तुकडा नुकताच निघालेला असेल तर खालची साल गुलाबीसर दिसते. एकाच खोडावर दोन-तीन छटांचे पट्टे आणि बुंध्याशी पडलेले पापुद्रे दिसले, की अर्जुनाचा विचार आधी करायचा.

आधी, म्हणजे नक्की नव्हे. पापुद्रे सोडणारी झाडं आणखीही आहेत. कोरड्या, खडकाळ उतारावर पांढरंफटक खोड चमकताना दिसलं तर बहुधा कांडोळ. तशाच जागी सालईही असते, तिचेही पापुद्रे निघतात. पण सालईच्या डिंकाला धुपाचा वास येतो. खोडावर वाळलेला डिंक असेल तर नाक जवळ न्या. खाली पाचोळा असेल तर काम आणखी सोपं, कारण कांडोळाचं पान पंजासारखं पसरट आणि सालईचं कडुनिंबासारखं संयुक्त. पाचोळा शेजारच्या झाडाचा नाही ना, एवढं मात्र बघायचं.

काट्यांचं तसंच. काटेसावरीच्या कोवळ्या खोडावर जाड बुडाचे शंकूसारखे काटे, पांगाऱ्याचे त्याहून बारीक, काळपट. वय झालं की दोघांचेही बुंध्यावरचे काटे झडतात, म्हणून मान वर करून फांद्या बघा. तिथे ते सापडतात.

वयाचा हा मुद्दा एकूणच फसवतो. ज्या झाडाचं जुनं खोड भेगाळतं, त्याचंही रोप गुळगुळीतच असतं. बुंध्याशी आग, गुरं, कुऱ्हाड यांच्या खुणा असतात. म्हणून मी साल छातीच्या उंचीवर बघते, मग एका जाड फांदीवर, आणि जमलं तर त्याच जातीच्या लहान-मोठ्या दोन-तीन झाडांवर. हात फिरवून बघायचा: भेगा खोल आहेत का, कडा बोटाने निघतात का, बारीक उंचवटे लागतात का? ते उंचवटे म्हणजे वल्करंध्रं, त्यांतून हवा आत-बाहेर जाते. ती आडव्या रांगेत आहेत की विखुरलेली, हेही टिपून ठेवा.

कोयत्याने साल छिलून आतला रंग बघायचा प्रकार मला अजिबात मान्य नाही. जुनी जखम शोधा, कुठे ना कुठे असतेच. बिबळा या झाडाच्या अशा जखमेवर लाल डिंक वाळलेला दिसतो आणि ओळख तिथेच पटते. अनोळखी झाडाचा चीक मात्र बोटाला लावू नका. शेराचा चीक डोळ्यात गेला तर डोळा धरून बसावं लागतं, आणि बिब्ब्याच्या रसाने कातडीवर फोड येतात.

फोटो काढताना सालीवर एक नाणं टेकवा, नाहीतर भेग बोटभर की दोरीएवढी ते घरी कळत नाही. एक फोटो जवळून, एक पूर्ण खोडाचा, एक फांद्यांचा. तरीही नाव ठरलं नाही तर जागा लिहून ठेवा आणि पालवी फुटल्यावर त्याच झाडापाशी परत जा.