धाप लागते, औषधं चालू आहेत, पण आजाराचं नाव काय? या चुका टाळा

जिना चढताना धाप लागली की घरात पहिलं निदान होतं ते वयाचं. मग वजनाचं. ही दोन्ही निदानं मागे पडली की खोकल्याचं औषध, अँटिबायोटिकचा कोर्स, मशीनची वाफ, एखादा पंप, आणि फरक नाही पडला तर दुसरी अँटिबायोटिक. यात सहज सहा-आठ महिने जातात. छातीच्या डॉक्टरकडे माणूस येतो तेव्हा हातात जाडजूड फाईल असते. तिच्यात पन्नास औषधांची नावं सापडतात, आजाराचं नाव मात्र कुठेच नसतं. 'ब्राँकायटिस', 'चेस्ट इन्फेक्शन', 'फुप्फुसाला सूज' ही खरं तर निदानं नव्हेत, वेळ मारून नेणारे शब्द आहेत.

मोठ्या माणसांच्या फुप्फुसाच्या गंभीर आजारांत सगळ्यांत महागात पडते ती हीच गोष्ट: नाव ठरायच्या आधी उपचार सुरू होणं. पुढच्या बहुतेक चुका याच एका चुकीच्या पोटातून येतात.

एक्स-रेवर डाग दिसला, म्हणजे टीबीच

आपल्याकडे टीबी भरपूर आहे, त्यामुळे डॉक्टरांच्या मनात तो आधी यावा हे योग्यच. पण एक्स-रे ही सावली असते. टीबी, न्यूमोनिया, कॅन्सर, बुरशी, फुप्फुसात बारीक गाठी करणारा सार्कॉयडोसिस, दहा वर्षांपूर्वी बऱ्या झालेल्या टीबीचा व्रण, या सगळ्यांच्या सावल्या एकमेकींसारख्या दिसू शकतात. जंतू सापडला का, हा प्रश्न विचारायचाच.

दोन आठवड्यांच्या वर खोकला टिकला की थुंकी तपासायची. नुसतं सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं पुरेसं नाही. सीबीनॅट किंवा ट्रूनॅट करून घ्या. काही तासांत जंतू आहे का ते कळतं, आणि रिफाम्पिसिन या मुख्य औषधाला तो दाद देतो की नाही हेही कळतं. ट्रूनॅटची यंत्रणा गोव्यातल्या कंपनीची आहे आणि जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० मध्ये तिला मान्यता दिली, तेव्हा ही काही परदेशातून मागवायची चैन नाही. सरकारी केंद्रांत ती मोफत होते.

थुंकी देतानाही घोळ होतात. लाळ भरून दिली तर तपासणी 'निगेटिव्ह' येणारच. सकाळी उठल्यावर साध्या पाण्यानं चूळ भरायची, दोन-तीन खोल श्वास घ्यायचे आणि छातीतून खोकून जो बेडका येईल तो द्यायचा, तोही उघड्या हवेत, माणसांपासून लांब. बेडका येतच नसेल तर दुर्बिणीची तपासणी, म्हणजे ब्राँकोस्कोपी, करून आतलं पाणी तपासता येतं.

उलट्या बाजूची चूक तितकीच वाईट. साधा न्यूमोनिया समजून लिव्होफ्लॉक्सासिन किंवा मॉक्सिफ्लॉक्सासिन दिलं जातं. ही औषधं टीबीच्या जंतूवरही थोडीफार चालतात. ताप उतरतो, माणूस आठ दिवस बरा वाटतो, थुंकीत जंतू सापडेनासे होतात आणि टीबी आत तसाच राहतो. टीबीची शंका असेल तर थुंकी आधी, ही औषधं नंतर.

कधी कधी पुरावा मिळत नाही आणि तरीही उपचार सुरू करावे लागतात, हे मान्य. मग दोन महिन्यांनी हिशेब मागा: वजन वाढलं का, ताप गेला का, डाग लहान झाला का? तिन्हींचं उत्तर 'नाही' असेल, तर सहा महिन्यांचा कोर्स नऊ महिन्यांचा करणं म्हणजे चुकीच्या गाडीत बसून पुढच्या स्टेशनचं तिकीट काढणं. तिथं थांबून निदान पुन्हा तपासायचं असतं. औषधांना न जुमानणारा टीबी निघेल, किंवा कॅन्सर. कॅन्सरचे कितीतरी रुग्ण टीबीच्या गोळ्या खाण्यात लाखमोलाचे महिने घालवून बसतात.

ज्यांना आधी टीबी होऊन गेलाय, त्यांच्या बाबतीत आणखी एक. बऱ्या झालेल्या टीबीचा व्रण एक्स-रेवर आयुष्यभर दिसतो. दर खोकल्याला नवा डॉक्टर तो पाहतो आणि नवा कोर्स लिहितो. खरं कारण अनेकदा वेगळं असतं. श्वासनलिका कायमच्या रुंदावलेल्या असतात, किंवा जुन्या पोकळीत ॲस्परजिलस नावाची बुरशी वाढत असते आणि थुंकीतून रक्त पडतं. यावर टीबीच्या गोळ्यांचा काडीचा उपयोग नाही. म्हणून जुन्या फिल्म आणि सीडी रद्दीत टाकू नका. रिपोर्टच्या कागदापेक्षा फिल्म मोलाची. दोन वर्षांपूर्वीचा डाग आज तेवढाच आहे, एवढं दिसलं तरी अर्धी चिंता मिटते.

टीबी पक्का झाला, तर सरकारी यादीत नाव नको म्हणून लपवाछपवी करू नका. खासगी डॉक्टरांचे रुग्णही सरकारच्या निक्षय पोर्टलवर नोंदवले जातात आणि पोषणासाठी महिन्याला १००० रुपये खात्यावर मिळतात (नोव्हेंबर २०२४ पूर्वी ५०० मिळत).

'सिगारेट ओढत नाही, मग सीओपीडी कसा?'

चुलीमुळे. सीओपीडी म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याचा आजार. गावाकडे तीस-चाळीस वर्षं धुरात भाकऱ्या थापलेल्या बाईच्या फुप्फुसाचं नुकसान एखाद्या पट्टीच्या विडीबाजासारखंच होऊ शकतं. तिला मात्र वर्षानुवर्षं 'दमा' म्हणून औषध दिलं जातं, कारण तंबाखू नाही म्हटल्यावर पुढचा प्रश्नच कुणी विचारत नाही. डॉक्टरांनी नाही विचारलं तरी चुलीचं, बंद खोलीतल्या धुराचं, गिरणीतल्या किंवा खडी क्रशरवरच्या कामाचं तुम्ही सांगा. बंद खोलीत रात्रभर जळणारी मच्छर कॉइलही निष्पाप नाही. एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके असल्याचं २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मोजलं गेलं होतं.

दमा आणि सीओपीडी वेगळे करण्यासाठी स्पायरोमेट्री लागते, म्हणजे लोक जिला 'फुंकायची टेस्ट' म्हणतात ती. पूर्ण श्वासातली किती हवा पहिल्या सेकंदात बाहेर पडते, हे ती मोजते. पंप दिल्यानंतरही हे प्रमाण ०.७० च्या खाली राहिलं तर नळ्या कायमच्या अरुंद झाल्यात, असा अर्थ होतो. दम्यात पंपानंतर आकडा बराच सुधारतो. ब्लडप्रेशर न मोजता बीपीची गोळी कुणी घेत नाही, पण फुंकायची टेस्ट न करता दहा-दहा वर्षं पंप घेणारे गल्लोगल्ली आहेत. टेस्टच्या आधी कोणता पंप किती तास बंद ठेवायचा ते विचारून घ्या. सकाळी पंप मारून गेलात तर निकाल दिशाभूल करतो.

आणि धाप नेहमी फुप्फुसाचीच असते असंही नाही. आडवं झाल्यावर दम लागतो, पाय सुजतात, रात्री घाबरं होऊन जाग येते, अशा माणसाची छाती हृदय कमजोर झाल्यामुळेही घरघरते. टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि हिमोग्लोबिन या दोन तपासण्यांनी पुष्कळ गैरसमज दूर होतात.

पंपाची भीती, आणि पंपाचा चुकीचा वापर

'पंपाची सवय लागते, गोळी बरी.' हे वाक्य महाराष्ट्रात एखाद्या म्हणीसारखं फिरतं. आकडे पाहा. श्वासनळ्या मोकळ्या करणाऱ्या सालब्युटामॉलच्या पंपाच्या एका दाबात १०० मायक्रोग्रॅम औषध असतं. त्याच औषधाची ४ मिलिग्रॅमची एक गोळी म्हणजे ४० दाब. गोळीतलं औषध पोटातून रक्तात जातं, म्हणून हात थरथरतात, छाती धडधडते. सौम्य कोण, ते तुम्हीच ठरवा.

पंप घेऊनही फरक नसेल तर औषध बदलण्याआधी तुमची पद्धत डॉक्टरांसमोर करून दाखवा. दाबायच्या पंपात श्वास सावकाश ओढायचा असतो, कॅप्सूलच्या पंपात जोरात आणि खोल. लोक नेमकं उलटं करतात. कॅप्सूलच्या पंपातच श्वास सोडला की पावडर ओली होते. काही जण तर कॅप्सूल पाण्याबरोबर गिळतात आणि मग 'औषध लागू पडत नाही' म्हणतात. दाबायच्या पंपाला स्पेसर, म्हणजे पंप आणि तोंड यांच्यामधली पोकळ नळी, लावा. तो लहान मुलांसाठीच असतो ही समजूत सोडा. औषध ओढल्यावर दहा सेकंद श्वास रोखा. स्टिरॉइडच्या पंपानंतर चूळ भरून थुंका, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी येते.

दम्यात फक्त तात्पुरता आराम देणारा निळा पंप वापरत राहणं धोक्याचं. सूज आत वाढतच राहते. २०१९ पासून दम्याच्या जागतिक मार्गदर्शक सूचनांनीही मोठ्या माणसांना नुसता असा पंप देऊ नये असं म्हटलंय. दमा जावा म्हणून मृगाला हैदराबादला जाऊन जिवंत मासा गिळणाऱ्यांना मी अडवू शकत नाही, पण जाताना पंप बरोबर न्या आणि परत आल्यावरही तो बंद करू नका. 'दम्याची खात्रीची पुडी' मात्र घेऊच नका. एका दिवसात जादू करणाऱ्या अशा पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेलं असू शकतं.

कोरडा खोकला, कबुतरं आणि कूलर

सगळ्यांत उशिरा सापडणारा गट हा: फुप्फुसाची जाळी घट्ट होत जाणारे आजार, ज्यांना डॉक्टर आयएलडी म्हणतात. खोकला कोरडा, ताप नाही, धाप दर महिन्याला थोडी वाढती. कधी बोटांची टोकं फुगीर होतात. पाठीवर खाली स्टेथोस्कोप लावला तर वेल्क्रोची पट्टी उघडावी तसा आवाज येतो. सुरुवातीला एक्स-रे चक्क नॉर्मल असू शकतो. इथं लागतो तो एचआरसीटी, म्हणजे छातीचा बारीक कापांचा सीटी स्कॅन. पैसे वाचवण्यासाठी केलेला साधा सीटी बरेचदा पुन्हा करावा लागतो.

भारतातल्या २७ केंद्रांनी मिळून आयएलडीच्या १०८४ रुग्णांची नोंदवही केली, ती २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. जवळपास निम्म्यांना 'हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस' निघाला, म्हणजे श्वासातून येणाऱ्या कशाची तरी फुप्फुसाला झालेली ॲलर्जिक सूज. आणि त्यांतल्या जवळपास निम्म्यांच्या घरी एअर कूलर होता. विदर्भ-मराठवाड्यात हे वाचून दचकायला हवं. मार्चमध्ये माळ्यावरून काढलेल्या कूलरच्या ताट्या न बदलता, टाकी न घासता तो सुरू केला, की बुरशीची हवा थेट उशाशी. मुंबई-पुण्यात कूलरची जागा कबुतरं घेतात. २०२५ मध्ये दादरच्या कबुतरखान्यावरून केवढं रण पेटलं! श्रद्धेचा वाद बाजूला ठेवू, पण धाप लागणाऱ्या माणसाच्या खिडकीत कबुतराचं घरटं असेल तर तो वैद्यकीय इतिहासाचा भाग आहे आणि तो डॉक्टरांना सांगायलाच हवा. कारण घरात तसंच ठेवून स्टिरॉइड घेत राहिलात तर फारसा उपयोग होत नाही.

गोळ्यांची पिशवीही बरोबर न्या. हृदयाच्या ठोक्यांसाठीचं अमियोडेरोन, सांध्यांसाठीचं मेथोट्रेक्सेट, लघवीच्या संसर्गासाठी महिनोन्‌महिने चाललेलं नायट्रोफ्युरँटॉइन, ही औषधंही फुप्फुसाला इजा करू शकतात. मनानं मात्र कोणतंही बंद करू नका. सांधे धरतात, कातडी ताणते, डोळे कोरडे पडतात, थंडीत बोटं पांढरी पडतात, हेही सांगा. संधिवाताच्या जातीचे आजार असे फुप्फुसातून डोकं वर काढतात.

'फायब्रोसिस' (फुप्फुसात व्रण पडून ते घट्ट होणं) हा शब्द ऐकला की सरसकट स्टिरॉइड सुरू होतात. काही प्रकारांत ती जीव वाचवतात. पण इडिओपॅथिक पल्मनरी फायब्रोसिस या प्रकारात स्टिरॉइड आणि प्रतिकारशक्ती दाबणारं ॲझाथायोप्रिन एकत्र दिल्यानं मृत्यू वाढले, हे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीतून दिसलं. तिथं पिरफेनिडोन किंवा निन्टेडॅनिब देतात. ही औषधं आजाराचा वेग कमी करतात, गेलेलं परत आणत नाहीत. म्हणून 'तीन महिने घेतली, बरं वाटत नाही' असं म्हणून ती सोडणं चूक. पिरफेनिडोननं ऊन सोसत नाही, निन्टेडॅनिबनं जुलाब होतात, दोन्हींत लिव्हर तपासत राहावं लागतं. हे आधी माहीत असलं की माणूस घाबरून थांबत नाही.

'सुई लावली की कॅन्सर पसरतो'

नाही पसरत, निदान बायोप्सी, म्हणजे तपासणीसाठी तुकडा काढणं, टाळावी इतका तर नक्कीच नाही. तुकडा न काढता कॅन्सरची जात कळत नाही, आणि फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये जात कळणं हाच निम्मा उपचार. सिगारेटला कधी हात न लावलेल्यांतही ॲडेनोकार्सिनोमा ही जात आढळते. त्यात ईजीएफआर किंवा एएलके या जनुकांतला बदल सापडला तर रोजच्या गोळीवर आजार दीर्घकाळ आटोक्यात राहू शकतो. तुकडा काढतानाच या चाचण्यांपुरता तो पुरेल ना, हे विचारा. बायोप्सीत पुरेसं काही आलं नाही, तर तिला 'निगेटिव्ह' समजून घरी बसू नका. ती पुन्हा करावी लागते.

ऑक्सिजन: कमी, जास्त आणि देवघर

ऑक्सिजनची सवय लागत नाही. ज्यांचा ऑक्सिजन बसल्या जागीही ८८ टक्के किंवा त्याखाली असतो, त्यांना तो दिवसाचे किमान १५ तास लागतो. संध्याकाळी तासभर नळी लावून भागत नाही. पण सीओपीडीत पातळी ९९ पर्यंत चढवायचा हट्ट घातक ठरू शकतो, कारण शरीरात कार्बन डायऑक्साइड साठून माणूस गुंगीत जातो. तिथं लक्ष्य ८८ ते ९२. नातेवाइकांनी काळजीपोटी कॉन्सन्ट्रेटरचा (घरच्या ऑक्सिजन मशीनचा) आकडा वाढवू नये.

बोटावरचं ऑक्सिमीटर मेंदी, नेलपॉलिश आणि थंड बोटांनी फसतं. आयएलडीत बसल्यावर ९६ आणि सहा मिनिटं चालल्यावर ८४ असा प्रकार होतो, म्हणून चालवून मोजायला सांगा. आणि नळी लावून समईपाशी, निरांजनापाशी किंवा गॅसपाशी जायचं नाही. विडी तर घरातच नको.

ओपीडीची वाट पाहू नये असं काही

बऱ्या असलेल्या माणसाला अचानक धाप लागली, छातीत कळ आली, एक पोटरी सुजलेली आहे, नुकतंच ऑपरेशन झालंय किंवा बरेच दिवस अंथरुणावर काढलेत, तर पायातली रक्ताची गुठळी फुप्फुसात गेलेली असू शकते. ईसीजी आणि एक्स-रे 'ठीक' आले म्हणून घरी परत येऊ नका. सीटी अँजिओग्राफीबद्दल, म्हणजे रक्तवाहिन्या दाखवणाऱ्या सीटीबद्दल, विचारा. म्हाताऱ्या माणसांच्या न्यूमोनियात ताप नसतोही. आजोबा अचानक असंबद्ध बोलू लागले, जेवण सुटलं, मिनिटाला ३० किंवा जास्त श्वास चाललेत, एवढं पुरेसं आहे. श्वास पूर्ण एक मिनिट घड्याळ लावून मोजा आणि १०८ ला फोन करा. गाडीत बसताना जुन्या फिल्म आणि गोळ्यांची पिशवी बरोबर घ्या.